हुक्का आणि ‘इतर सेवा’ : धूम्रपानबंदीच्या दाव्यांची पार्श्वभूमी

सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढणाऱ्याला २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार जास्तीत जास्त २०० रुपये दंड होतो आणि गुन्हा तडजोडपात्र असल्याने पावती फाडली की प्रकरण तिथेच मिटते. त्यामुळे वरच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे चाललेले वाद ओढणाऱ्यांचे नसून, बहुतांशी उपाहारगृहांच्या मालकांचे आहेत.

केरळच्या उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपान हे जीविताच्या हक्कावरचे आक्रमण ठरवले. त्यानंतर २००१ मध्ये, मुंबईच्या एका राजकीय नेत्याच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये आणि रेल्वेगाड्यांत बंदीचे अंतरिम आदेश दिले. खरा तिढा २००३च्या कायद्याखालील २००८च्या नियमांनी निर्माण केला.

तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवता येतो. मात्र चारही बाजूंना छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारे दार आणि धूर थेट बाहेर सोडणारी यंत्रणा हवी. हा कक्ष केवळ धूम्रपानासाठी वापरावा आणि तिथे ‘इतर कोणतीही सेवा’ देऊ नये, असे नियमात होते. मुंबई महापालिकेने याच्या पुढे जाऊन, धूम्रपानाला साहाय्य करणारे कोणतेही साधन कक्षात पुरवू नये, अशी अट परवान्यात घातली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर २०१४ मध्ये ती रद्द केली. धूम्रपानाच्या व्याख्येतच ‘कोणत्याही साधनाच्या साहाय्याने’ तंबाखू ओढणे येते; म्हणजे हुक्का हे धूम्रपानच, आणि तो पुरवणे ही ‘इतर’ सेवा नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा युक्तिवाद होता. मसुदा करणाऱ्यांनी एक विशेषण सैल सोडले नसते, तर ही लढाई बहुधा झालीच नसती. केंद्राने मे २०१७ मध्ये नियम बदलून कक्षातील सर्वच सेवा बंद केल्या, तोवर शहरात हुक्का पार्लरांचा धंदा चांगलाच रुजला होता.

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण दगावले आणि अग्निशमन दलाच्या अहवालाने ठिणगीचा माग हुक्क्याच्या निखाऱ्यांपर्यंत लावला. राज्याने २०१८ मध्ये २००३च्या कायद्यात दुरुस्ती करून हुक्का बारवरच बंदी आणली. शिक्षा एक ते तीन वर्षे कैद आणि किमान ५० हजार रुपये दंड. यानंतर मालकांनी पवित्रा बदलला : आमच्याकडे तंबाखू नाही, वनौषधी आहे. त्यावर उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, खाद्यगृहाच्या परवान्यात हुक्का आपोआप येत नाही, असे म्हटले.