सिंकचं घड्याळ आणि लग्नाचा मुहूर्त

अंबाजोगाईतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात एक जुना डेस्कटॉप आहे. लाइट गेली की त्याचं घड्याळ थेट १ जानेवारी २०१० ला जाऊन बसायचं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपला होता. ऐन लगीनसराईत तो बदलायला सवड कुणाला? केजच्या पाहुण्यांच्या पत्रिकेत मुहूर्त ११:४२ चा १२:३५ केला, रात्री लॅपटॉप जोडून फोल्डर सिंक केलं, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली सारख्या केल्या, आणि सकाळी छपाईला लावलं. पाहुणे गठ्ठा सोडून बघतात तर, "अहो मामा, मुहूर्त जुनाच की!"

सॉफ्टवेअरनं त्याचा नियमच पाळला होता: ज्या फाइलची तारीख नवी, ती खरी. माझी दुरुस्ती २०१० सालची, म्हणून ती पुसली गेली.

तेव्हापासून सिंकचं सॉफ्टवेअर निवडताना मी एकच बघतो, त्याला मागचं आठवतं का. समजा, एक फाइल दुकानात आहे आणि घरी नाही. ती दुकानात नवी तयार झाली, की घरी कुणी डिलीट केली? नुसते दोन फोल्डर शेजारी ठेवून हे कुणालाच सांगता येणार नाही. मागच्या सिंकला काय होतं, याची नोंद लागते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेलं 'युनिसन' अशी नोंद ठेवतं. दोन्हीकडे बदल झाला असेल, तर स्वतः शहाणपणा न करता विचारतं.

'सिंकथिंग' प्रत्येक कॉम्प्युटरवरचे बदल मोजत जातं, त्यामुळे भांडण कुठे आहे ते त्याला घड्याळाशिवाय कळतं. मग जुन्या तारखेची प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असं नाव देऊन बाजूला ठेवतं. घड्याळ चुकलेलं असलं, तरी माझा १२:३५ पुसला गेला नसता.

नेटचा डेटा वाचवण्याची युक्ती वेगळीच. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 'आरसिंक' आणलं. पंगतीत मधेच एक पाहुणा बसला की पुढचे सगळे सरकतात, पण माणसं तीच असतात. फाइलमध्ये एक शब्द घुसवला की तसंच होतं. आरसिंक एकेक बाइट पुढे सरकत सरकलेले तुकडे ओळखतं आणि फक्त नवा पाहुणा पाठवतं. पण ते एकाच दिशेनं चालतं. दोन्हीकडे काम करणाऱ्याच्या उपयोगाचं नाही.

गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतं, त्यात जीमेल आणि फोटोही आले. सिंकथिंगला अशी मर्यादा नाही, पण दोन्ही मशीन एकाच वेळी चालू पाहिजेत. आमच्याकडे तीच पंचाईत.

आणि डिलीट हाही बदलच, तोसुद्धा इमानदारीनं पलीकडे पोचतो. म्हणून सिंकथिंग घेतलंत तर त्यातलं फाइल व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती जपून ठेवायची सोय, दोन्ही मशीनवर आठवणीनं चालू करा. सुरुवातीला ते बंदच असतं.