'लाइन' म्हटलं की डोक्यात काय काय उघडतं

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. इंग्रजी ही दरिद्री भाषा, एकेका शब्दाला पन्नास अर्थ चिकटवून कशीबशी वेळ मारून नेते. आपल्याकडे मात्र प्रत्येक गोष्टीला वेगळा आणि नेमका शब्द आहे, असा त्याचा सूर. भाषेचा अभिमान मलाही आहे, पण या मजकुराचा पायाच चुकलाय. एका शब्दाला अनेक अर्थ असणं ही जगातल्या प्रत्येक जिवंत भाषेची सोय आहे. आणि ही सोय आपला मेंदू ज्या रीतीने वापरतो, ती रीत मला मानवी बुद्धीच्या सगळ्यांत देखण्या करामतींपैकी एक वाटते.

ठाण्यात दिवसभर कानावर पडणारा एकच इंग्रजी शब्द घेऊ: लाइन. स्टेशनात शिरलात की सेंट्रल लाइन, आणि २००४ पासून वाशीकडे जाणारी ट्रान्स हार्बर लाइन. तिकीटखिडकीपुढे माणसांची लाइन. सकाळी नळ कोरडा असला की 'रस्त्यात कुठेतरी पाण्याची लाइन फुटलीय'. खांबावर चढलेला वीजखात्याचा लाइनमन. 'मुलगा कुठल्या लाइनला गेला?' असं शेजारच्या काकू विचारतात तेव्हा त्यांना आयटी, मेडिकल की सीए एवढंच हवं असतं. फोनची लाइन लागत नाही, तालमीत नट आपली लाइन विसरतो, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर 'लाइन मारणं' म्हणजे काय ते सांगायला नको. यातले बरेच अर्थ इंग्रजीतून आले, काही आपण इथे घडवले. एवढं असूनही स्टेशनात 'लाइनीत उभे राहा' ऐकून आजवर कुणी रुळांवर उतरलेलं नाही.

शब्द जितका जास्त वापरातला, तितके त्याला अर्थ जास्त. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये ही गोष्ट आकड्यांत मांडली. शब्दाच्या अर्थांची संख्या साधारण त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणजे शंभरपट जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दाला सुमारे दहापट अर्थ. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट' या छोट्याशा शब्दाखाली ४३० अर्थ होते. पुढच्या आवृत्तीसाठी 'रन' हे क्रियापद नव्याने लिहिताना संपादक पीटर गिलिव्हर यांनी ६४५ अर्थ नोंदवले. मराठीतलं 'लागणे' हे क्रियापद घ्या: भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, दिवा लागतो, निकाल लागतो, नाद लागतो, गाडी फलाटाला लागते आणि घाटात तीच गाडी पोटाला लागते. व्हॉट्सअॅपवरच्या त्या मजकुराला एवढं एक क्रियापद पुरेसं उत्तर आहे.

आता मुख्य गोष्ट. वाक्यात असा शब्द आला की मेंदू योग्य अर्थ कसा निवडतो? कुणालाही विचारा, उत्तर येईल: संदर्भावरून. आधीच्या शब्दांवरून विषय कळलेला असतो, त्यामुळे मेंदू थेट हवा तोच अर्थ काढतो, बाकीच्यांना हातही लावत नाही. ऐकायला हे पटतं. कित्येक संशोधकांनाही पटलं होतं.

१९७९ मध्ये डेव्हिड स्विनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा समज तपासायला एक प्रयोग रचला. त्यामागे आधीची एक साधी माहिती होती. १९७१ मध्ये मेयर आणि श्वानवेल्ट यांनी दाखवलं होतं की 'डॉक्टर' हा शब्द पाहिल्यावर लगेच 'नर्स' दिसला, तर तो ओळखायला नेहमीपेक्षा कमी वेळ लागतो. एक शब्द जागा झाला की त्याच्या नात्यातले शब्दही अर्धवट जागे होतात. म्हणजे कुठला अर्थ जागा झालाय हे माणसाला विचारायची गरजच नाही. त्या अर्थाच्या नात्यातला एक शब्द समोर धरायचा आणि ओळखायला किती वेळ लागतो ते मिलिसेकंदांत मोजायचं.

स्विनीने लोकांच्या कानाला हेडफोन लावून वाक्यं ऐकवली. एका वाक्यात 'बग्ज' हा शब्द होता. इंग्रजीत त्याचे दोन ठळक अर्थ: किडे, आणि चोरून बोलणं ऐकायची छुपी यंत्रं. वाक्य होतं एका माणसाबद्दल, त्याला खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर बग्ज सापडतात. झुरळं म्हटल्यावर किड्यांखेरीज दुसरं काही डोक्यात येण्याचं कारणच नाही. 'बग्ज' शब्द कानावर पडून संपला, त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर काही अक्षरं उमटत. हा खरा शब्द आहे की निरर्थक अक्षरं, एवढंच बटण दाबून सांगायचं. कधी 'मुंगी'साठीचा इंग्रजी शब्द, कधी 'हेर', कधी 'शिवणे', ज्याचा या कशाशीच संबंध नाही.

'मुंगी' झटकन ओळखली गेली, ते अपेक्षितच होतं. पण 'हेर'सुद्धा तितक्याच झटकन ओळखला गेला! 'शिवणे' मागे राहिला. म्हणजे आजूबाजूला झुरळं असूनही छुप्या यंत्राचा अर्थ त्या क्षणी पूर्ण जागा होता. ऐकणाऱ्याला मात्र त्याचा पत्ताही नव्हता.

मग स्विनीने एकच बदल केला. पडद्यावरचा शब्द तीन अक्षरावयव (सिलॅबल) उशिरा दाखवला, म्हणजे पाऊण ते एक सेकंदाने. आता 'मुंगी' अजूनही झटपट होती, पण 'हेर' पुन्हा 'शिवणे'च्या रांगेत जाऊन बसला होता. नको असलेला अर्थ तेवढ्यात मावळला होता.

चाळीच्या अंगणातून कुणी 'काका!' अशी हाक मारली, की चारही मजल्यांवरचे काका कठड्यापाशी येतात, खाली कोण आहे ते पाहतात, आणि एक सोडून सगळे आत जातात. शब्द कानावर पडला की मेंदूत असंच घडतं. हाक सगळ्यांना पोचते, निवड त्यानंतर होते. पाण्याची लाइन फुटल्याचं ऐकताना तुमच्या डोक्यात क्षणभर रूळ, रांग, तार असं सगळं कठड्यापाशी येऊन जात असणार. तुम्हाला दिसतो तो शेवटी उरलेला एकटा पाइप.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही उधळपट्टी वाटली. नको ते अर्थ उघडायचेच कशाला? पण थांबून विचार केला तर यात मोठं शहाणपण आहे. संदर्भ दगा देऊ शकतो. बोलणारा अर्ध्या वाक्यात विषय बदलतो, गर्दीत दोन शब्द गळतात, कधी समोरचा मुद्दाम कोटी करतो. सगळे अर्थ आधी हाताशी घेऊन नको ते सोडणं, हे एकच अर्थ उचलून तो चुकल्यावर मागे फिरण्यापेक्षा सुरक्षित आहे. गडकरी रंगायतनात एखाद्या शाब्दिक कोटीला सगळं सभागृह एकदम हसतं, तेव्हा बाजूला सारलेला अर्थ परत पुढे आलेला असतो. दुसरा अर्थ मुळात उघडलाच नसता तर हसायला किती उशीर झाला असता!

पुढच्या संशोधनाने या चित्रात बारकावे भरले, आणि इथे थोडं सावकाश वाचावं लागेल. सगळे अर्थ सारख्याच वेगाने जागे होत नाहीत. १९८८ मध्ये डफी, मॉरिस आणि रेनर यांनी लोक वाचत असताना त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. शब्दाचे दोन्ही अर्थ सारखेच प्रचलित असतील आणि आधी काही सुगावा नसेल, तर नजर त्या शब्दावर जास्त रेंगाळते. दोन अर्थांची झटापट चाललेली असते. आधी सुगावा मिळाला की ती झटापट उरत नाही. पण एक अर्थ फार प्रचलित, दुसरा क्वचितचा, आणि वाक्याला हवा असेल तो क्वचितचा, तर सुगावा असूनही नजर अडखळते. संदर्भाने दुबळ्या अर्थाला वर उचललेलं असतं, पण बळकट अर्थ आपल्या सवयीने येतोच, आणि दोघं एकाच वेळी दारात पोचतात.

दुसरा बारकावा अर्थांच्या नात्याचा. मराठीत 'नाव' म्हणजे होडी आणि 'नाव' म्हणजे आपलं नाव. एक संस्कृत 'नौ'पासून आलं, दुसरं 'नाम'पासून. उच्चार योगायोगाने जुळला. 'लाइन'चं तसं नाही. लॅटिनमध्ये जवसाच्या धाग्याला, दोरीला जो शब्द होता त्यातून ती आली, आणि रूळ, रांग, तार, रेघ या सगळ्यांत तो सरळ ताणलेला धागा आजही दिसतो. २००२ मध्ये जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी हे दोन प्रकार वेगळे करून तपासले. परके अर्थ एकाच शब्दात कोंबलेले असले तर तो शब्द ओळखायला वेळ जास्त लागतो, पण अर्थ एकमेकांचे नातलग असतील तर तो उलट लवकर ओळखला जातो. एकमेकांत गुंतलेले अर्थ मेंदूला ओझं होत नाहीत, आधार देतात.

आता त्याच ग्रुपवर फिरणारा दुसरा लाडका मजकूर: संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचं 'नासाने सिद्ध केलंय'. नासाने असं काही सिद्ध केलेलं नाही. १९८५ मध्ये नासाच्या एम्स केंद्रात काम करणारे रिक ब्रिग्ज यांनी एक लेख लिहिला. वाक्याचा अर्थ फोडून मांडण्याची संस्कृत वैयाकरणांची शास्त्रीय पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची त्या काळची पद्धत यांत साम्य आहे, असं त्यात म्हटलं होतं. लेख वाचण्याजोगा आहे, पण तो एका माणसाचा लेख आहे. आणि संस्कृतात शब्दाला एकच अर्थ असतो म्हणणाऱ्याने अमरकोश उघडून 'हरि' पाहावा: यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, वानर आणि बेडूक.

अभिमान बाळगायचा तर तो पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या भर्तृहरी या संस्कृत वैयाकरणाचा बाळगावा. त्याने या अनेकार्थाला दोष मानलं नाही. अर्थ कशावरून ठरतो याची यादीच दिली. त्या यादीत प्रकरण, म्हणजे चाललेला विषय, आहे, साहचर्य, म्हणजे नेहमीची सोबत, आहे, औचित्य आहे, देश आणि काल आहेत, 'शब्दस्यान्यस्य सन्निधिः', म्हणजे शेजारी दुसरा कुठला शब्द आहे, हेही आहे. परंपरेतलं आवडतं उदाहरण 'सैंधव आण'चं. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधकडचा घोडाही. जेवायला बसलेल्याने म्हटलं तर मीठ, प्रवासाला निघालेल्याने म्हटलं तर घोडा. उपवासाच्या सैंधव मिठामुळे यातला एक अर्थ आपल्या स्वयंपाकघरात अजून टिकून आहे. भर्तृहरीला मिलिसेकंद ठाऊक होते असं मी म्हणणार नाही, कुणी म्हणूही नये. पण कुठल्या खुणांवरून अर्थ ठरतो, हा प्रश्न त्याने अचूक पकडला होता.

शेजारच्या शब्दांची हीच खूण आज यंत्रं वापरतात. १९६० मध्ये यंत्र-भाषांतराचे एक आद्य अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांनी 'खोका पेनमध्ये होता' असं इंग्रजी वाक्य पुढे ठेवलं. इथे 'पेन' म्हणजे लहान मुलांना खेळायला ठेवतात ते छोटं कुंपण, हे कुठल्याही यंत्राला कधी कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कारण खोका लेखणीत मावत नाही हे यंत्राला ठाऊक नसतं. यंत्र शब्द आकड्यांच्या रूपात हाताळतं. २०१३च्या सुमारास गाजलेल्या पद्धतीत प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच माळ मिळायची, त्यात सगळे अर्थ एकत्र घुसळलेले. २०१७ नंतरच्या पद्धतीत वाक्यातला प्रत्येक शब्द बाकीच्या शब्दांकडे पाहून आपली माळ बदलतो, त्यामुळे 'पाण्याची लाइन' आणि 'तिकिटाची लाइन' यांतल्या लाइनला वेगवेगळे आकडे मिळतात. बार-हिलेल यांचं वाक्य आता यंत्रांना बहुधा जमतं. मात्र ती अब्जावधी शब्द वाचून तिथवर पोचतात, आणि आपल्या शेजारची तीन वर्षांची चिमुरडी त्यातला किरकोळ अंशही न ऐकता 'लागणे'चे कितीतरी अर्थ सहज वापरते. हा फरक कुठून येतो, हा मला यंत्रांच्या यशापेक्षा जास्त मोलाचा प्रश्न वाटतो.

रॉड यांच्याच गटाचं २०१६ मधलं एक काम मला विशेष आवडतं. त्यांनी हौसेने होड्या वल्हवणाऱ्या लोकांना काही इंग्रजी शब्द दिले. त्या शब्दांना रोजचा एक अर्थ होता आणि वल्हवण्यातला खास अर्थ दुसरा. उदाहरणार्थ 'फेदर', म्हणजे पीस, आणि वल्हं पाण्यावर आडवं फिरवणं. जे त्याच दिवशी होडी वल्हवून आले होते त्यांना खास अर्थ जास्त वेळा सुचला, आणि ज्यांचा अनुभव अधिक वर्षांचा त्यांनाही. कुठला अर्थ आधी कठड्यापाशी पोचेल हे आयुष्यभराच्या सवयीवर ठरतं आणि आज सकाळी काय केलं त्यावरही. हाच प्रयोग ठाण्यात 'लाइन' घेऊन करण्याजोगा आहे: एक गट सकाळी दिव्याहून लोकलने आलेल्यांचा, एक विजेच्या खांबावरून उतरलेल्या लाइनमनचा, एक टँकरची वाट पाहत बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा, आणि एक रंगायतनात तालमीला निघालेल्या नटांचा. कुठल्याही कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाला एक संगणक, एक हेडफोन आणि मिलिसेकंद मोजणारा साधा प्रोग्रॅम एवढ्यावर तो सुरू करता येईल.