मामाच्या धुऱ्यावरचा खांब

तीन वर्षांपूर्वी पोळ्याला मामाच्या गावी गेलो, तर शेजारच्या वावरात एक उंचच उंच जाळीदार खांब उभा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, चहूबाजूंनी तारांनी ताणलेला. त्यातली एक तार मामाच्या धुऱ्यालगत जमिनीत गाडलेली. डवऱ्याचे बैल तिथवर आले की बिचकायचे. मामा म्हणाला, "बापू, हा खांब कायचा हाय? इथं तं कोनी काही सांगतच नाही." गावात तीन मतं होती. मोबाईलचा टॉवर आहे, जमिनीखाली काहीतरी सापडलंय, आणि तिसरं, जे फक्त हळू आवाजात बोललं जायचं: जमिनी जाणार.

खांब वारा मोजत होता, एवढंच. इथं पवनचक्क्या परवडतील का, ते बघायला.

त्याच्यावर वेगवेगळ्या उंचीवर तीन-तीन वाट्यांची भिंगरी बसवलेली असते. वारा जितका जोरात, तितकी ती गरगरते. बाजूला दिशा दाखवणारं पातं. खाली पेटीत दर दहा मिनिटांची सरासरी साठते, म्हणजे वर्षाला ५२,५६० नोंदी. पेरणीपूर्वी माती परीक्षण करावं तसं हे वाऱ्याचं परीक्षण, आणि ते किमान एक पूर्ण वर्ष चालावं लागतं. कारण आपला वारा वर्षभर सारखा नसतो. जून ते सप्टेंबर तो मोसमी वाऱ्यांच्या जोरावर धावतो, दिवाळीच्या आसपास मरगळतो. नुसती आषाढातली आकडेवारी घेऊन कोणी हिशेब मांडला तर तो बुडालाच म्हणून समजा.

एवढी काटेकोर मोजणी का, याचं उत्तर एका साध्या नियमात आहे. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला ५ मीटरवरून ६ मीटर झाला, तर ऊर्जा वीस टक्क्यांनी वाढत नाही. ५ चा घन १२५, ६ चा २१६. म्हणजे वाढ थेट ७३ टक्के. वेग मोजताना थोडी चूक झाली तरी कागदावरची वीज भलतीच फुगते. त्यात विदर्भाचा उन्हाळा. तापलेली हवा विरळ असते. समुद्रसपाटीवर १५ अंशांना एक घनमीटर हवेचं वजन १.२२५ किलो भरतं. आपल्याकडे ४२ अंशांना ते सुमारे १.०८ किलो. त्याच वेगाच्या वाऱ्यातून ऊर्जा जवळपास १२ टक्के कमी. शिवाय पवनचक्की कितीही उत्तम बनवली तरी वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा ती काढू शकत नाही. सगळी काढायची तर पात्यांमागची हवा जागीच थांबेल आणि पुढच्या वाऱ्याला जायला वाटच उरणार नाही.

जमिनीलगत झाडं, घरं, टेकाडं वाऱ्याला अडवतात; वर तो मोकळा. म्हणून चक्क्यांची उंची वाढत गेली. १९८६ च्या सुमारास देशातल्या सुरुवातीच्या पवन प्रकल्पांत चक्क्या लागल्या त्या ५५ किलोवॅटच्या होत्या. आज एकेक चक्की दोन-तीन मेगावॅटची असते, तिची पाती जोडलेला मधला तुंबा १२० ते १४० मीटरवर. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार १०० मीटर उंचीवर देशाची क्षमता ३०२ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट), १२० मीटरवर ६९५, आणि १५० मीटरवर १,१६४. वारा तोच, शिडी उंच झाली. एरवी वाऱ्याची गोष्ट निघाली की साताऱ्याचं वांकुसवडे आणि धुळ्याचं ब्राह्मणवेल यांचीच नावं यायची. आपल्याकडे चिखलदऱ्याजवळच्या मोथ्यात महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेचा प्रात्यक्षिक प्रकल्प तेवढा होता. कोळसा आणि औष्णिक वीज म्हणजे विदर्भ, हे समीकरण उंच चक्क्यांमुळे थोडं सैल होऊ लागलं आहे.

आता गावाला कळवण्याचं काय? चंद्रपूर-वणीकडच्या माणसाला कोळसा खाणीची जनसुनावणी नवी नाही. मंडप पडतो, लाऊडस्पीकर लागतो, लोक जिल्हाधिकाऱ्यांसमोर तोंडावर बोलतात. पवनचक्कीसाठी मात्र तसं काही होत नाही. पर्यावरणीय मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे, तीत पवन प्रकल्प नाहीतच. धूर नाही, राख नाही, म्हणून ही सूट. आणि ती चुकीची आहे असं मला वाटत नाही. पण तिच्यासोबत गावाला प्रश्न विचारायला मिळणारा एक हक्काचा दिवसही निसटला. वनजमीन लागली किंवा मेळघाट-गडचिरोलीसारखं अनुसूचित क्षेत्र असलं तर ग्रामसभेचं बळ वेगळं. मामाच्या गावासारख्या ठिकाणी सगळं कंपनीच्या मर्जीवर आणि सरपंचाच्या नेटावर.

मामाच्या गावात खांबानंतर दीड वर्ष कोणी फिरकलं नाही. मग एका जानेवारीत रात्री नऊला काँक्रीटचे मिक्सर यायला लागले ते पहाटेपर्यंत थांबेनात. मामीने मोजले, सत्तरच्या वर. लोक घाबरले. धरण बांधतात की काय!

यामागचं कारण काळ्या मातीत आहे. कपाशीची आपली जमीन मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाने भरलेली. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. असल्या मातीवर शंभर-सव्वाशे मीटरचा मनोरा उभा करता येत नाही. ती उपसून खालच्या मुरुमापर्यंत किंवा काळ्या पाषाणापर्यंत जावं लागतं. तिथं साधारण वीस मीटर व्यासाचं, तीनेक मीटर खोल लोखंड-काँक्रीटचं चाक ओततात. मनोऱ्याचं वजन ही त्यातली सोपी बाब. अवघड असतो तो वाऱ्याचा रेटा, जो मनोऱ्याला मुळासकट आडवा करू पाहतो. चारशे-पाचशे घनमीटर काँक्रीट एका दमात ओतावं लागतं, मध्ये थांबलं तर सांधा कच्चा राहतो. एका मिक्सरमध्ये सहा घनमीटर मावतं. मामीचा आकडा बरोबर होता. आणि रात्रीच का? सिमेंट घट्ट होताना स्वतःच तापतं, त्यात ऊन पडलं तर तडे जातात.

हे सगळं एका फळ्यावर चार ओळींत मावलं असतं. ते कोणी लिहिलं नाही. जानेवारी म्हणजे कापसाच्या वेच्याचे दिवस. रस्त्याची धूळ उमललेल्या बोंडांवर बसली आणि रस्त्याकडेच्या चार-पाच जणांच्या कापसाची प्रत उतरली. तारीख आधी कळली असती तर त्यांनी त्या पट्ट्यातला वेचा आधी उरकला असता. कंपनीला फक्त दवंडी द्यायची होती.

त्या उन्हाळ्यात सरपंचबाईंनी १ मेच्या ग्रामसभेत कंपनीच्या अभियंत्याला बोलावलं. पहिला प्रश्न ढगांचा आला. "हे पंखे ढग पयवतेत म्हनते, खरं हाय काय?" हसू नका. सातारा-सांगलीकडे आणि धुळ्यातही दुष्काळाच्या वर्षांत हीच समजूत पसरली होती. तिकडच्या पठारावर पावसाळ्यात ढग खरोखरच पात्यांना घासून जातात; डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? पण पात्याचं टोक फार तर दोनशे-सव्वादोनशे मीटरवर असतं आणि पाऊस देणारे ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतात. विदर्भाचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर ठरतो. त्यांना आपल्या शिवारातल्या वीस चक्क्यांचा पत्ताही नसतो. चक्क्या एक गोष्ट मात्र करतात. मागची हवा घुसळतात. हवामानशास्त्रज्ञ सोमनाथ बैद्य रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या नोंदी तपासल्या तेव्हा चक्क्यांच्या पट्ट्यात जमिनीलगत रात्री किंचित ऊब आणि दिवसा किंचित गारवा आढळला. अभियंत्याने हेही सांगितलं, ते मला आवडलं. 'काहीच होत नाही' म्हणणाऱ्यावर गाव विश्वास ठेवत नाही.

आवाजाचा प्रश्न बायकांनी काढला, आणि तो जास्त खोल होता. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरापासून पाचशे मीटरच्या आत चक्की नको. तिथवर येईतो आवाज साधारण चाळीस-त्रेचाळीस डेसिबलवर उतरतो. वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५. कागदावर ठीक. पण ४३ डेसिबल दुपारी ट्रॅक्टरच्या आवाजात विरून जातात, रात्री दोनला नाही. सूर्य मावळला की जमीन थंड होते, तिला टेकलेली हवाही थंड आणि जड होऊन बसते, वरच्या हवेशी तिचा संबंध तुटतो. अंगणात पान हलत नाही आणि शंभर मीटरवर वारा सुसाट. म्हणजे झाडांची सळसळ बंद आणि चक्की मात्र सुरू. तो 'व्हूश… व्हूश' मग आकड्यापेक्षा मोठा वाटतो. झोप मोडल्याची तक्रार करणारी बाई नाटक करत नसते. सरपंचबाईंनी तिथंच मागणी लावून धरली: चक्क्या सुरू झाल्यावर गावकऱ्यांसमोर, मध्यरात्री, आवाज मोजायचा. ठराव झाला.

आणि वीज? "आमची लाईन तं नाही जानार ना मंग?" जाणार, हे उत्तर. चक्कीतली ६९० व्होल्टची वीज तिथंच ३३ हजारांवर चढवून उपकेंद्रात जाते आणि ग्रीडमध्ये मिसळते. गावाच्या रोहित्राशी तिचा संबंध नाही. दोन मेगावॅटची एक चक्की, क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याने चालली तरी, वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट देते. त्यातलंही बरंचसं पावसाळ्यात, जेव्हा पंप बंद असतात. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत वारा पडलेला. सभेत थोडा गोंगाट झाला, मग लोक गप्प झाले. दीड वर्षापूर्वी हे सांगितलं असतं तर गोंगाटही झाला नसता.

आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फळा आहे. दर सोमवारी, बाजाराच्या आदल्या दिवशी, त्यावर लिहिलं जातं: कोणत्या रस्त्याने पाती येणार, किती वाजता, कोणत्या तारा उतरवणार, वीज किती तास बंद. सत्तर मीटरचं पातं शाळेजवळच्या वळणावरून गेलं त्या दिवशी अर्धं गाव बघायला जमलं होतं. खाली कंपनीच्या माणसाचा फोन नंबर. व्हॉट्सॲप ग्रुपही आहे, पण त्यात सुप्रभातच जास्त येतं.

मामाच्या वावरातही एक चक्की यायची आहे. भाडेकरार त्याने सही न करता घरी आणला आणि मला वाचायला दिला. चक्कीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं, त्यानंतर कंपनीने 'जागा पूर्ववत करून देणे'. पोलादी मनोरा भंगारात जातो, पण पाती काचतंतू आणि राळेची; ती वितळत नाहीत. आणि जमिनीत ते वीस मीटरचं चाक. मामाने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती, आणि समासात लिहिलं होतं: "पूर्ववत म्हंजे किती फूट खोल?"

करार परत पाठवलाय. उत्तर यायचं आहे.