विद्युतचुंबक

लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेल्या विद्युतरोधी तारेतून विद्युतधारा सोडली की गाभा चुंबक बनतो आणि धारा बंद केली की त्याचे चुंबकत्व जवळजवळ संपते; अशा जुळणीला विद्युतचुंबक म्हणतात. शाळेत त्याची ओळख ‘तात्पुरता चुंबक’ अशी करून देतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यातून हा काहीतरी कमी प्रतीचा चुंबक असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा सगळा उपयोग या तात्पुरतेपणातच आहे. भंगाराच्या आवारातली क्रेन कायमचुंबकाने लोखंड उचलेल, पण उचललेले खाली कसे टाकणार?

या उपकरणामागचा शोध १८२० सालचा. विद्युतधारा वाहणाऱ्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची वळते, हे डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी त्या वर्षी जाहीर केले. वीज आणि चुंबकत्व या तोवर वेगळ्या मानल्या गेलेल्या गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, हे त्यातून उघड झाले. सरळ तारेभोवतीच्या चुंबकीय बलरेषा वर्तुळाकार असतात. तीच तार नळीसारखी गोल गोल गुंडाळली, म्हणजे तिचे नालकुंतल केले, की प्रत्येक वेढ्याचे चुंबकीय क्षेत्र आतल्या बाजूला एकाच दिशेने पडते आणि त्यांची बेरीज होते. उजव्या हाताची बोटे धारेच्या दिशेने वळवून नालकुंतल मुठीत धरले आहे अशी कल्पना केली, तर ताठ अंगठा उत्तर ध्रुव दाखवतो. घटाची टोके उलटी जोडली की ध्रुवही उलटतात.

नुसत्या नालकुंतलाचे क्षेत्र मात्र दुबळेच असते. १० सेंटिमीटर लांबीत १०० वेढे आणि १ ॲम्पिअर धारा असेल, तर आतले क्षेत्र सुमारे १.२६ मिलिटेस्ला भरते (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक). पृथ्वीच्या क्षेत्राच्या ते तीसेक पट आहे. चुंबकसूची गरकन फिरवायला पुरते, वजन उचलायला नाही. खरे काम गाभा करतो. लोखंडात आधीपासूनच अतिसूक्ष्म चुंबकीय विभाग असतात. एरवी त्यांची तोंडे चहूकडे असल्याने ते एकमेकांना निष्प्रभ करतात. नालकुंतलाच्या क्षेत्रात ते एका दिशेला वळू लागतात आणि गाभ्याचे स्वतःचे क्षेत्र मूळ क्षेत्राच्या कितीतरी पट होते. या वाढीला मर्यादा आहे. बहुतेक विभाग एका दिशेला आले की लोखंडाकडे द्यायला काही उरत नाही. ही संपृक्तता साधारण २ टेस्लाच्या आसपास येते. त्यानंतर धारा कितीही वाढवली तरी गाभ्याकडून नवी भर पडत नाही, तार मात्र तापत जाते.

गाभ्यासाठी मऊ लोखंड घेतात. मऊ म्हणजे हाताला मऊ नव्हे, तर धारा थांबताच विभागांची मांडणी सहज विस्कटू देणारे. पोलाद हट्टी असते, एकदा लागलेले चुंबकत्व ते धरून ठेवते, म्हणून ते कायमचुंबकाला बरे.

खिळा, तार आणि घट घेऊन केलेला प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो, आणि बऱ्याच जणांचा तो पहिल्या खेपेस फसलेला असतो. तांब्याच्या तारेवरचा चकचकीत थर हे विद्युतरोधी रोगण असते. दोन्ही टोकांवरून ते ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने खरवडून खालचे गुलाबी तांबे दिसू लागेपर्यंत धारा वाहतच नाही. दुसरी चूक दुसऱ्या थरात होते. खिळ्याच्या टोकाशी पोहोचल्यावर तार माघारी आणताना गुंडाळण्याची दिशाही नकळत उलटी होते आणि वरचा थर खालच्या थराचे क्षेत्र खाऊन टाकतो. तार डोक्याकडे परतली तरी तिचे फिरणे पूर्वीच्याच दिशेने राहायला हवे. सगळे नीट जमले की खिळ्याच्या टोकाला टाचण्यांचा झुबका लटकतो आणि काही क्षणांत तार बोटांना कोमट लागते. जोडणी तोडल्यावर झुबका गळून पडतो, पण एखाददुसरी टाचणी चिकटून राहते, कारण बाजारातला खिळा शुद्ध मऊ लोखंडाचा नसतो. प्रयोगवहीत ‘सर्व टाचण्या खाली पडल्या’ असे लिहिण्याची पद्धत आहे. राहिलेल्या टाचणीची नोंद करणारा विद्यार्थी जास्त शिकतो.

वेढे वाढवले की चुंबक बलवान होतो, हे वाक्यही जरा तपासून घ्यावे असे आहे. चुंबकत्व धारा आणि वेढे यांच्या गुणाकारावर ठरते. तोच घट ठेवून वेढे दुप्पट केले, तर तार दुप्पट लांब होते, तिचा रोध दुप्पट होतो आणि धारा निम्म्यावर येते. गुणाकार होता तिथेच. व्यवहारात घटाला स्वतःचाही रोध असतो, त्यामुळे काही फायदा दिसतो, शिवाय तार कमी तापते आणि घट जास्त टिकतो. वाक्य पूर्ण खरे ठरते ते धारा तेवढीच ठेवली तर.

पहिला उपयोगी विद्युतचुंबक इंग्लंडच्या विल्यम स्टर्जन यांनी केला. १८२५ मध्ये त्यांनी दाखवलेला नालाच्या आकाराचा लोखंडी तुकडा सुमारे २०० ग्रॅम वजनाचा होता आणि तो ४ किलो वजन पेलत असे. त्यांची तार उघडी होती, म्हणून त्यांनी लोखंडालाच रोगण दिले आणि वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून विरळ ठेवले. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी उलट केले: तारेलाच रेशीम गुंडाळले. आता वेढे खेटून आणि थरावर थर देता येऊ लागले. १८३१ मधला त्यांचा एक चुंबक ९०० किलोंहून अधिक भार तोलत होता. नालाचा आकारही महत्त्वाचा. त्यात दोन्ही ध्रुव शेजारी येतात आणि खाली लोखंडी पट्टी लागली की बलरेषांना लोखंडातून बंद वाट मिळते. सरळ खिळ्यात त्यांना हवेतून परतावे लागते, आणि खिळ्याची बरीच ताकद तिथेच जाते.

विद्युत घंटेत हा चुंबक स्वतःच स्वतःची धारा तोडतो. बटण दाबले की चुंबक समोरची लोखंडी पट्टी ओढतो, पट्टीला जोडलेला टोला घंटेवर आपटतो आणि त्याच क्षणी पट्टी संपर्क स्क्रूपासून सुटते. परिपथ तुटतो, चुंबकत्व जाते, स्प्रिंग पट्टीला मागे आणते आणि परिपथ पुन्हा जुळतो. बटणावर बोट असेपर्यंत सेकंदाला अनेक वेळा हे चालते. संपर्काच्या जागी बारीक ठिणगीही दिसते. हेन्री यांच्या कामातूनच तारयंत्र आणि रिले यांची वाट मोकळी झाली. रिलेत अगदी लहान धारा चुंबकाला जागवते आणि तो चुंबक मोठ्या धारेचा स्विच ओढतो. प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, धारेवर मात्र गाभा अखंड लोखंडाचा चालत नाही, त्यातच धारांचे भोवरे उठून तो तापतो. म्हणून पातळ, एकमेकींपासून विलग केलेल्या पत्र्या रचून तो करतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ओढ सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, आणि रोहित्राजवळ ऐकू येणारी घूं ही त्याच्याच घरातली.

संपृक्ततेपलीकडे जायचे तर लोखंडाचा आधार सोडून सगळा भार धारेवर टाकावा लागतो, आणि मग उष्णतेचा प्रश्न येतो. अतिसंवाहक, म्हणजे अतिथंड केल्यावर रोध शून्य होणाऱ्या, तारेने तो सुटतो. रुग्णालयांतली एमआरआय यंत्रे बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. त्यांची वेटोळी द्रव हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेली असतात. तारेचा रोध शून्य झाल्यामुळे एकदा सोडलेली धारा बाहेरून पुरवठा नसतानाही फिरत राहते. त्यामुळे या विद्युतचुंबकाचे चुंबकत्व बटण दाबून जात नाही. तपासणी चालू नसताना, रात्री, वीज गेल्यावरही ते असते, आणि लोखंडी सिलिंडर किंवा चाकांची खुर्ची त्या खोलीत कधीच नेत नाहीत. आणीबाणीत ते तातडीने घालवायचे झाले, तर वेटोळे तापवून अतिसंवाहकता मोडतात. मग हेलियम उकळते आणि नळावाटे इमारतीबाहेर सोडले जाते.