स्लेव्ह रिबेलियन रीइनॅक्टमेंट

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत ड्रेड स्कॉट यांनी 8 व 9 नोव्हेंबर 2019 रोजी लुईझियाना राज्यात घडवून आणलेले स्थलनिष्ठ, म्हणजे घटनेच्या मूळ जागीच केलेले, सादरीकरण. 1811 मधील गुलामांच्या बंडाची वाट शेकडो कृष्णवर्णीय सहभागींनी त्या काळच्या वेशात, काहींनी घोड्यावर तर बहुतेकांनी पायी, पुन्हा तुडवली. हातांत कोयते, विळे, बंदुका. तोंडी स्वातंत्र्याच्या घोषणा. लाप्लास ते न्यू ऑर्लीन्स हा मार्ग 26 मैलांचा (सुमारे 42 किमी) होता. निर्मिती न्यू ऑर्लीन्समधील अँटेना या कलासंस्थेची, तर चित्रीकरण ब्रिटिश चित्रपटकार जॉन अकॉम्फ्रा यांचे.

मूळ बंड 8 जानेवारी 1811 च्या रात्री मॅन्युएल आन्द्रीच्या उसाच्या मळ्यावर पेटले. म्होरक्या चार्ल्स डेलाँद हा स्वतः गुलाम असून मळ्यावर मुकादम होता. मिसिसिपीच्या काठाने न्यू ऑर्लीन्सकडे निघालेल्या जमावात वाटेतल्या मळ्यांवरची माणसे मिसळत गेली. संख्येचे अंदाज 200 ते 500 असे आहेत. 10 जानेवारीला मळेवाल्यांच्या सशस्त्र टोळीने त्यांना गाठून मोडले. बंडखोरांच्या हातून दोन गोरे मेले. उलट लढाईत, पाठलागात आणि शिक्षेपोटी सुमारे 95 कृष्णवर्णीय मारले गेले, अनेकांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली गेली.

या पट्ट्यात मालकांची काही घरे टिकली, मजुरांच्या झोपड्या बहुतेक नाहीशा झाल्या. आरोपींवर ज्या डेस्ट्रेहान मळ्यावर खटला चालला, तेथील वाडा 1787 ते 1790 दरम्यान चार्ल्स पाके या मिश्रवंशीय मुक्त कारागिराने बांधला. लाकडी सांगाड्यात चिकणमाती व स्पॅनिश मॉस (झाडांवर लोंबणारी तंतुमय वनस्पती) भरलेल्या त्याच्या भिंती कुडाच्या भिंतींच्या जवळच्या नातलग वाटतात. पर्यटक ज्यांचे फोटो काढतात ते प्राचीन ग्रीक धाटणीचे भारदस्त डोरिक खांब मात्र बंडानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात आले. म्हणजे 1811 चा वाडा डोळ्यांसमोर आणायचा तर आधी हे खांब मनातून काढून टाकावे लागतात.

उरलेला मार्ग आज तेलशुद्धीकरण कारखाने, साठवण टाक्या, दुकाने व वसाहतींनी भरला आहे. बॅटन रूज ते न्यू ऑर्लीन्स या पट्ट्याला ‘कॅन्सर ॲली’ (कर्करोगाची गल्ली) म्हणतात. स्कॉट यांनी हे काही झाकले नाही. सुती कुडत्यातला कोयताधारी आणि मागे धुरांडे, हा विसंवादच कामाचा गाभा आहे. पराभव व शिरच्छेद मात्र त्यांनी दाखवले नाहीत. बंडखोर कधीच पोहोचू शकले नव्हते त्या शहरात मिरवणूक शिरली आणि गुलाम रविवारी जमून व्यापार व नृत्य करत त्या काँगो स्क्वेअरमध्ये थांबली. हा बदल इतिहासाशी प्रतारणा ठरत नाही, कारण येथे पुन्हा उभा करायचा होता तो बंडाचा हेतू.

तयारीला अनेक वर्षे लागली. कपडे स्वयंसेवकांच्या शिवणबैठकांतून तयार झाले. अशा वेशात सूत, लिनन व लोकरच चालते. कृत्रिम धागा उन्हात चकाकतो आणि कॅमेरा ते लगेच पकडतो. झिप चालत नाही, तिथे नाडी किंवा बटणे लागतात. सर्वांत जास्त त्रास पायांचा होतो: नव्या करकरीत बुटांनी डांबरी रस्त्यावर काही मैलांतच फोड येतात, म्हणून बूट आधीपासून वापरून मऊ करावे लागतात. लोखंडी नाल मारलेले घोडे डांबरावर घसरतात. बंदुकीचे बार उडवणे फक्त प्रशिक्षितांनी, ठरलेल्या अंतरावरून करायचे असते. सशस्त्र कृष्णवर्णीय जमाव अमेरिकेत रस्त्यावर येणार असेल तर पोलीस व रहिवाशांना आगाऊ कळवणे ही निव्वळ औपचारिकता उरत नाही. गैरसमजाची किंमत गोळीनेही मोजावी लागू शकते.

रांग लांबली की घोषणा तुटतात: पुढच्यांचा आवाज वाहनांच्या गोंगाटात मागे पोहोचत नाही. उपाय म्हणजे दर काही ओळींमागे घोषणा उचलणारा एक जण नेमणे. जुन्या वाड्यांच्या आवारात खिळे, उघडी ज्योत व व्हरांड्यावर गर्दी टाळावी लागते. मातीच्या भिंती व जुनी लाकडी जमीन हादरे सोसत नाहीत.