थाळा घरी नेल्यावर: बागेत, गच्चीत, गॅलरीत येणाऱ्या पाखरांसाठी

आमच्याकडून पाण्याचा थाळा, दाणापात्र किंवा चिमणीचं घरटं नेणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक सोबत देतो. घरी गेल्यावर पाच मिनिटं काढून वाचा, म्हणजे पंधरा दिवसांनी "एकही पक्षी आला नाही" असा फोन करावा लागणार नाही.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "दाणे कुठले घालू?" आमचं उत्तर ठरलेलं आहे. आधी पाणी ठेवा, मग जमतील तेवढी झाडं लावा, दाण्याचं शेवटी बघू. दाणे आम्हीही विकतो, तरी हेच सांगतो. पुण्यात सोसायटीच्या आवारात सहज दिसणाऱ्या पक्ष्यांपैकी बरेचसे दाण्याला तोंडच लावत नाहीत. दयाळ, शिंपी, नाचण, वटवट्या हे किडे टिपणारे. शिंजीर फुलातला मध पितो आणि कोळी पकडतो. तांबट, बुलबुल, कोकीळ यांचं पोट मुख्यतः फळांवर. दाण्याला येणार कोण, तर चिमण्या, मुनिया, होले, पारवे आणि खारी. पाण्याला मात्र सगळे येतात. नशीब जोरावर असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तकसुद्धा येतो. तो दाण्यांकडे ढुंकूनही बघणार नाही, पण पाण्यात सूर मारून आंघोळ करून जातो.

थाळा मांडताना

थाळा भाजलेल्या मातीचा आहे आणि आतून मुद्दाम खरखरीत ठेवला आहे. चकचकीत लेप दिलेली भांडी दिसायला छान असतात, पण ओल्या गुळगुळीत काठावर पाखराचा पाय ठरत नाही. नवा थाळा रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सुरुवातीचे काही दिवस तो पाणी पितो, बाहेरून ओला दिसतो. तो गळका नाही. पुढे कडेला पांढरे क्षार जमतील, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर. लिंबाची फोड किंवा थोडं व्हिनेगर चोळलं की निघतात.

पाणी दोन इंचांच्या वर नको. चिमणीला तेवढंही खोल वाटतं, म्हणून मधोमध एखादा चपटा दगड ठेवा. तो दगड पाण्याच्या वर डोकावला पाहिजे. मधमाश्या आणि फुलपाखरंही त्यावर उतरून पाणी पितात.

जागेचा विचार नीट करा, कारण थाळा रिकामा राहण्याचं कारण बहुधा जागाच असते. सावली हवी, निदान दुपारची तरी. जवळ झुडूप हवं, पण अगदी चिकटून नको. पाच-सहा फूट मोकळं असलं की दबा धरलेलं मांजर पाखराला वेळेत दिसतं. भिजलेलं पाखरू जड होतं, लांब उडू शकत नाही, म्हणून पटकन गाठता येईल अशी फांदीही लागते. गॅलरीच्या कठड्यावर थाळा मोकळा ठेवू नका. भरलेला थाळा चांगलाच जड असतो आणि खाली माणसं चालतात. लोखंडी कडी घ्या, किंवा सरळ जमिनीवर विटेवर ठेवा.

पाणी रोज बदला. नुसती भर घालू नका, ओतून टाका, नारळाच्या काथ्याने आतून घासा, मग ताजं भरा. साबण, डिटर्जंट नको. शेवाळ जुनं झालं असेल तर थोडी वाळू घेऊन घासा. याला दोन कारणं आहेत. पहिलं, कावळा कुठूनतरी वाळका पाव किंवा हाड उचलून आणतो आणि थाळ्यात भिजवून खातो. उन्हाळ्यात ते पाणी संध्याकाळपर्यंत आंबतं. दुसरं डासांचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. रोज घासलेल्या थाळ्यात त्याचं काही जमत नाही. सोसायटीतल्या कुणी तक्रार केली तर त्यांना हेच सांगा, किंवा सकाळी घासताना बोलावून दाखवा. गावाला जाणार असाल तर थाळा रिकामा करून पालथा घाला. दोन-चार दिवसांत पाखरं दुसरीकडे सोय बघतात, त्याची रुखरुख नको.

बघायचं कसं

दुर्बीण असली तर उत्तम. नसली तरी खिडकीच्या आत, पडद्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलात की पुरे. सूर्योदयानंतरचा तासभर सगळ्यात धावपळीचा. मार्च ते मे मात्र खरी गर्दी भर दुपारी, आपण जेवून आडवे होतो तेव्हा.

बुलबुल पाण्यावर कसा येतो ते एकदा शेवटपर्यंत बघा. आधी केबलच्या तारेवर बसून मान वळवत चारी बाजू न्याहाळतो. मग कढीपत्त्यात उतरतो. तिथून थाळ्याच्या काठावर. चोच बुडवतो, मान वर करून घोट उतरवतो, पुन्हा बुडवतो. पुष्कळदा एवढ्यावरच भुर्रकन जातो. धीर आला तर पाण्यात पाय टाकतो, छाती टेकवतो आणि पंख इतक्या जोरात झाडतो की फूटभर शिंतोडे उडतात. शेंडी चिकटून जाते, शेपटीखालचा लाल रंग तेवढा ओळखीचा उरतो. मग फांदीवर बसून एकेक पीस चोचीतून ओढून सारखं करतो. आंघोळीपेक्षा हा शृंगारच जास्त वेळ चालतो. शेजारी पारवा किंवा होला पीत असेल तर फरक लक्षात येईल: त्यांना मान वर करावी लागत नाही, चोच बुडवून ते सलग ओढत राहतात.

नावं ओळखायला फोनवर मर्लिन हे मोफत ॲप चांगलं आहे, आवाज ऐकवला तरी पक्षी सुचवतं. ते म्हणेल ते ब्रह्मवाक्य मानू नका, पक्षी डोळ्यांनी दिसला तरच वहीत लिहा. तारीख, वेळ, काय करत होता, एवढं लिहिलं तरी वर्षभरात तुमच्या गॅलरीचं स्वतःचं पंचांग तयार होतं. दयाळ पहाटे गायला कधी लागला, शिंजीर नराचा विणीबाहेरचा मळकट रंग जाऊन जांभळी झळाळी कधी आली, सगळं सापडतं. ५ ते १२ नोव्हेंबर या काळात राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या वाढदिवसापासून सलीम अली यांच्या वाढदिवसापर्यंतचा हा आठवडा. वही सुरू करायला तो मुहूर्त बरा, कारण हिवाळी पाहुणे तोवर पोचलेले असतात. गच्चीवर शेपटी खालीवर हलवत चालणारा धोबी त्यातलाच.

दाणे घालायचेच असतील तर

मूठभर. रोज सकाळी, दुपारपर्यंत संपतील इतकेच. बाजरी, राळे, तांदळाची कणी, थोडी ज्वारी. शिळा पाव, बिस्किटं, फरसाण, मीठ-मसाल्याचं काहीही नको, दूध तर नकोच. फळ ठेवलंत तर पिकलेली पपई किंवा केळं, सालीसकट अर्धं कापून. उरलेलं संध्याकाळी उचला. शिंजिरासाठी साखरेचं पाणी टांगायची टूम परदेशी व्हिडिओंतून आली आहे. आपल्याकडच्या उन्हात ते लगेच आंबतं. त्यापेक्षा जास्वंद लावा.

सांडलेले दाणे रात्री राहिले की उंदीर, घुशी येतात. म्हणून संध्याकाळी दाणापात्र आत घ्या आणि खालची जमीन झाडा. आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. हाताला मोजे घाला. पावसाळ्यात दाणे ठेवूच नका, असा आमचा आग्रह आहे. ओल्या बाजरीला दोन दिवसांत बुरशी धरते आणि एकाच भांड्यातून रोग पसरायला वेळ लागत नाही. शिवाय त्या दिवसांत बाहेर किडे-अळ्यांची रेलचेल असते.

आता पारव्यांविषयी स्पष्टच. पारव्यांना मुद्दाम खायला घालू नका. भूतदयेचा भाग आम्हाला कळतो, वाद घालायचा नाही. पण वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, आणि पोतंभर धान्यावर वाढलेले पारवे इमारतीतल्या प्रत्येक कोनाड्यात शिरतात. मुंबईत २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, ते यामुळेच. आमच्या दाणापात्राला बाहेरून दीड इंची चौकटीची जाळी आहे. चिमणी आणि मुनिया सहज आत जातात, पारव्याचं अंग मावत नाही. तरीही पारवे खाली सांडलेलं वेचायला येऊ लागले तर पंधरा दिवस दाणे पूर्ण बंद करा. त्यावर दुसरा इलाज आम्हाला माहीत नाही.

झाडं

जमीन असेल तर उंबर, पांगारा किंवा शेवगा. उंबर पिकला की तांबट, कोकीळ, हरियाल सगळे हजेरी लावतात; हरियाल आपला राज्यपक्षी आहे, पण पानांत असा मिसळतो की थवा उडेपर्यंत कळत नाही. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर तुटून पडतात. फक्त पिंपळ-उंबर इमारतीच्या भिंतीपासून लांब लावा, मुळं ऐकत नाहीत. कुंडीतच भागवायचं असेल तर जास्वंद, अडुळसा, एक्झोरा, तुती आणि कढीपत्ता. कढीपत्त्याची काळी फळं खुडून टाकू नका, बुलबुलांना ती फार आवडतात. घाणेरी फुलांसाठी लावतात लोक, पण ती कुठेही पसरते. आम्ही तिची शिफारस करत नाही.

लिंबावर, कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या दिसल्या की औषध मारायची घाई असते. थांबा. चिमणी मोठेपणी दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. फवारलेल्या बागेत चिमणी विणीला बसेल कशी? कोपऱ्यातली कोळ्याची जाळीही सगळी झाडू नका. शिंजिराची मादी त्याच धाग्यांनी आपलं लोंबतं घरटं बांधते आणि शिंपी पानं शिवायला तेच वापरतो.

लाकडी घरटं

हे चिमण्यांसाठी आहे. भोक ३२ मिलिमीटरचं, त्यामुळे साळुंकी आत शिरत नाही. दयाळासाठी वेगळं मिळतं, त्याचं भोक दोन इंचांचं. बुलबुल, शिंजीर, शिंपी पेटीत कधीच राहत नाहीत, त्यांना झुडूप द्या. पेटी आठ-दहा फुटांवर, पश्चिमेचं ऊन आणि पावसाचा मारा टाळून, घट्ट ठोका; झुलती नको. भोकाखाली बसायला काडी का नाही, असं बरेच जण विचारतात. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र उपयोगी पडते. आत गवत, कापूस काही भरू नका, आतून रंग देऊ नका, आणि दाणापात्रापासून लांब लावा. चिमण्यांनी पेटी पहिल्याच महिन्यात पसंत केली असंही होतं आणि वर्षभर नुसती बघून गेल्या असंही. एक विणीचा हंगाम पूर्ण जाऊ द्या, तरी रिकामी राहिली तर जागा बदला. सारखी हलवली तर कुणीच येणार नाही. वीण झाल्यावर जुनं गवत काढून पेटी उन्हात ठेवा.

घरट्याजवळ फोन नेऊन रोज फोटो काढू नका. तुम्ही दाखवलेली वाट कावळे आणि मांजर दोघेही लक्षात ठेवतात.

पिल्लू खाली पडलं तर

पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजर असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. अंगावर पिसं नसलेलं पिल्लू घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत खोटी आहे. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी असेल तर हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी पाळायचा विचार करू नका. रानातला पोपट असो वा मुनिया, पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. म्हणूनच आमच्याकडे पिंजरे मिळत नाहीत, मागून बघू नका.

आणखी एक. थाळ्यासमोर मोठी काच असेल तर तिच्यात आभाळ दिसतं आणि पाखरं धडकतात. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या चिकटवा. एकट्या घारीच्या स्टिकरने काही होत नाही. शिंजीर किंवा दयाळ गाडीच्या आरशावर चोच आपटत असेल तर तो प्रतिबिंबाला दुसरा नर समजून भांडतोय. विणीच्या दिवसांत आरशाला जुना मोजा चढवून ठेवा.

थाळ्याला चीर गेली तर सिमेंट, एमसील लावत बसू नका. तसाच दुकानात आणा, निम्म्या किमतीत बदलून देतो. लोखंडी कडी जुनीच चालते.