ट्रस्ट प्रोटेक्टर म्हणजे ट्रस्टचा मालक नव्हे

अमेरिकेत मालमत्ता कुटुंबासाठी ट्रस्टमध्ये ठेवून तिची व्यवस्था लावताना एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: प्रोटेक्टर, म्हणजे ट्रस्टवर लक्ष ठेवणारी वेगळी व्यक्ती, नेमला की तो ट्रस्टीच्या (मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्ताच्या) डोक्यावर बसतो आणि वाटेल ते करू शकतो. तसं नाही. मालमत्ता कायद्याने ट्रस्टीच्याच नावावर असते. हिशेब आणि वाटपही सहसा तोच बघतो. प्रोटेक्टरला अधिकार मिळतात ते ट्रस्टच्या दस्तात लिहिलेले, तेवढेच. सहसा ट्रस्टी काढणं-नेमणं, ट्रस्ट दुसऱ्या राज्याच्या कायद्याखाली नेणं, करकायदा बदलला तर कलमं सुधारणं. दस्तात फक्त ‘ट्रस्टी बदलता येईल’ एवढंच असेल, तर ‘धाकट्या मुलीचा वाटा वाढवा’ असं त्याने कितीही सांगितलं तरी ट्रस्टीने ते ऐकायचं कारण नाही.

आणि प्रोटेक्टरवर जबाबदारी काहीच नसते म्हणे! हेही चूक. २०१७ चा ‘युनिफॉर्म डायरेक्टेड ट्रस्ट अ‍ॅक्ट’ हा नमुना कायदा ज्या राज्यांनी स्वीकारलाय, तिथे ट्रस्टीला निर्देश देणाऱ्यावरही, मग तो प्रोटेक्टर का असेना, साधारण ट्रस्टीसारखीच कर्तव्यं येतात. गंमत अशी, की ट्रस्टी नेमण्या-काढण्याचा अधिकार, म्हणजे प्रोटेक्टरचं सगळ्यात धारदार हत्यार, त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवलंय. तो अधिकार कधी आणि कशासाठी वापरायचा, हे दस्तातच नीट लिहून घ्यावं लागतं.